राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं, तरी अर्ज कर

पत्र

ताई, माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवरा अमेरिकेतच वाढलेला, इथल्या लष्करात स्टाफ सार्जंट आहे. टेक्सासमध्ये फोर्ट हूडजवळ किलीनला आम्ही तीन वर्षं होतो. तिथल्या एका दवाखान्यात मी अडीच वर्षं बिलिंगचं काम केलं. मेमध्ये त्याच्या बदलीच्या ऑर्डर्स आल्या, वॉशिंग्टन राज्यात लुईस-मॅककॉर्ड तळावर. जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी मी नोकरी सोडली. पुढच्या आठवड्यात पॅकर्स आले. आता टॅकोमाजवळ भाड्याच्या घरात आहोत, अजून अर्धी खोकी उघडायची आहेत.

शेजारची एक फौजीची बायको म्हणाली की तुला अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेरोजगारी भत्ता, मिळेल. जुन्या मॅनेजरला विचारलं तर ती म्हणाली, स्वतःहून सोडलीस ना, मग काही मिळत नाही. राजीनाम्यात मी सवयीने ‘वैयक्तिक कारणास्तव’ असंच लिहिलं होतं. सासूबाई म्हणतात, सरकारचे फुकटचे पैसे घेऊ नकोस, सिटिझनशिपच्या वेळी नडेल. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तीन वर्षांची मुलगी आहे. दोघांच्या पगारावर बसवलेलं घर एका पगारावर आलंय. अर्ज करू का? कुठल्या राज्यात? नवऱ्याच्या वरिष्ठांना कळलं तर? गणपतीत मोदक-पुरणपोळीच्या ऑर्डर्स घ्यायचाही विचार आहे.

– टॅकोमाहून एक

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंवरच येते.

अर्ज कर. हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच, या आठवड्याचा शनिवार उलटायच्या आत कर. टेक्सासमध्ये क्लेम ज्या आठवड्यात भरतात त्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो. ‘मी तर महिन्यापूर्वीच बेकार झाले’ असं म्हणून मागच्या तारखेपासून पैसे सहसा मिळत नाहीत. मधले आठवडे गेले ते गेले. त्यातले बरेचसे तू गाडीत, मोटेलमध्ये आणि खोक्यांत काढलेस, त्यामुळे त्यांची फार हळहळ करू नकोस. पण यापुढचा प्रत्येक आठवडा तुझ्या हातात आहे.

तुझ्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांवर. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आई शिक्षिका. बदली आली की आई राजीनामा लिहायची आणि प्रत्येक राजीनाम्यात एकच ओळ असायची, ‘घरगुती कारणास्तव’. चार गावं, चार शाळा, चार वेळा तीच ओळ. बदली वडिलांची होती, हुकूम सरकारचा होता आणि कागदावर कारण मात्र आईचं घर. आपल्याकडे ही सभ्यता मानतात, कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. तू जिथे आहेस तिथल्या कायद्यात मात्र ते खरं कारणच सगळं ठरवतं. तुझी मॅनेजर जे म्हणाली ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं याच कारणात आहे.

अर्धं खरं असं. अमेरिकेत बेरोजगारी भत्ता हा विमा आहे. 1932 मध्ये विस्कॉन्सिनने पहिला कायदा केला आणि 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही व्यवस्था देशभर नेली. चौकट केंद्राची, पण नियम ज्या त्या राज्याचे. मूळ कल्पना अशी की स्वतःची चूक नसताना नोकरी गेली तर दोन घास सुटू नयेत. म्हणून जो आपणहून नोकरी सोडतो त्याला साधारणपणे भत्ता मिळत नाही. टेक्सासमध्ये तर सोडण्याचं कारण कामाशीच निगडित असावं लागतं. पगार बुडवला, काम धोक्याचं होतं, असं काहीतरी. नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून बायकोने आपली सोडली, तर टेक्सासचा कायदा तिला 6 ते 25 आठवडे भत्त्यापासून दूर ठेवतो.

पण त्याच कायद्यात फौजींच्या घरांसाठी वेगळी वाट काढलेली आहे. जोडीदार अमेरिकी सैन्यात असेल आणि त्याची कायम बदली 120 दिवसांपेक्षा जास्त काळासाठी किंवा नेमणूक एका वर्षापेक्षा जास्त काळासाठी असेल, तर त्याच्याबरोबर जाण्यासाठी नोकरी सोडणाऱ्याला ही शिक्षा लागू होत नाही. तुझ्या नवऱ्याची बदली नेमकी यातच बसते. बहुतेक राज्यांनी या ना त्या स्वरूपात अशी तरतूद केली आहे, पण शब्द आणि अटी प्रत्येकाच्या निराळ्या. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव ऐक, फक्त तो आपला म्हणून धरू नकोस.

आता राज्याचा प्रश्न. भत्ता देतं ते राज्य जिथे तू काम केलंस ते. आज जिथे राहतेस ते नव्हे. म्हणजे अर्ज टेक्सास वर्कफोर्स कमिशनकडे, भत्ता देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याकडे करायचा, टॅकोमात बसून, ऑनलाइन किंवा फोनवर. वॉशिंग्टन राज्यात तू एक दिवसही काम केलेलं नाहीस, त्यांच्याकडे तुझ्या पगाराची नोंदच नाही. तिकडे आधी अर्ज केलास तर ते तुला टेक्सासकडे पाठवतील आणि त्यात आणखी एक आठवडा जाईल. काम शोधण्यासाठीची नोंदणी मात्र वॉशिंग्टनमध्येच करायची, तिथल्या वर्कसोर्स केंद्रात. पैसे एका राज्याचे आणि कामाचा शोध दुसऱ्या राज्यात, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण असंच चालतं.

अर्जात नोकरी का सोडली हे विचारतील. तिथे राजीनाम्यातली ओळ पुन्हा उतरवू नकोस. साध्या इंग्रजीत लिही की माझा नवरा अमेरिकी सैन्यात सक्रिय सेवेत आहे, त्याला फोर्ट हूडहून लुईस-मॅककॉर्डला कायम बदलीच्या ऑर्डर्स आल्या, त्याच्याबरोबर जाण्यासाठी मी नोकरी सोडली, शेवटचा दिवस अमुक, निघालो ती तारीख अमुक. एवढंच. सासर, मुलगी, मॅनेजरशी झालेली कुरबुर, यातलं काहीही त्यात घालू नकोस. चार कारणं लिहिलीस तर वाचणारा त्यातलं सर्वांत कच्चं उचलतो.

अर्ज गेला की कमिशन तुझ्या जुन्या मालकाला कळवतं आणि उत्तरासाठी त्याला 14 दिवस देतं. दवाखाना बहुधा तुझा राजीनामाच पाठवेल, त्यात ती ओळ असेल. घाबरू नकोस. ‘वैयक्तिक’ हे खोटं नाही, अपुरं आहे, आणि अपुरं पुरं करता येतं. मॅनेजरला आजच एक ईमेल लिही: माझ्या राजीनाम्यात वैयक्तिक कारण असं लिहिलं होतं, ते कारण म्हणजे पतीची लष्करी बदली, ऑर्डर्सची प्रत सोबत जोडते आहे, कृपया माझ्या फाइलमध्ये ठेवा. ईमेलवर आजचीच तारीख राहू दे. जुना राजीनामा बदलून मागू नकोस आणि मागची तारीख घालून नवा तर चुकूनही करू नकोस. खरी गोष्ट असताना खोटा कागद करणं म्हणजे आपल्याच हाताने आपला खटला बुडवणं.

शिवाय तुझ्याकडे पुरावे असतील, तुला ते पुरावे वाटत नसतील इतकंच. मेमध्ये सुपरवायझरला ‘ऑर्डर्स आल्या, जुलैत जावं लागेल’ असा मेसेज केला होतास का? निरोपाचा केक कापला तेव्हा त्यावर काय लिहिलं होतं, फोटो आहे का? तुझ्या जागी माणूस शोधायला सांगणारं एखादं ईमेल? तू का गेलीस हे दवाखान्याला ठाऊक होतं, एवढं त्यातून दिसलं की पुरे. मॅनेजरचा सूर थोडा नकारी वाटला असेल तर त्यामागे बहुधा दवाखान्याचा कर वाढेल ही भीती असते, कारण ज्याच्या कामगारांचे क्लेम जास्त त्याचा कर जास्त. अनेक राज्यांत लष्करी बदलीमुळे दिलेला भत्ता मालकाच्या खात्यावर टाकतच नाहीत. हे तिला सांगायला हरकत नाही, पण भांडणाच्या सुरात नको.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा ऑर्डर्सचा. त्याची प्रत देताना नवऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर कुठे छापलेला असेल तर तो झाक. लग्नाचा दाखला नगरपालिकेचा आणि नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेव. तुझं फौजी कुटुंबाचं ओळखपत्र आहेच, नातं दाखवायला तेही उपयोगी. पॅकर्सचा कागद आणि नव्या घराचा भाडेकरारही जपून ठेव. नोकरी सोडली आणि निघालो यात किती दिवसांचं अंतर होतं हे त्यावरून दिसतं. तुझं अंतर आठ-दहा दिवसांचं आहे, ते कुणालाही पटेल. ज्या बहिणी ऑर्डर्स हातात पडताच दोन-तीन महिने आधी नोकरी सोडतात त्यांना मात्र मी दरवेळी थांबवते. वॉशिंग्टनच्या कायद्यात तर स्पष्टच आहे की जोडीदाराबरोबर जाणाऱ्याने, शक्य असेल तितके दिवस नोकरी केलेली असावी. पुढची बदली तिथून होईल, तेव्हा लक्षात ठेव.

किती मिळतील? टेक्सास तुझ्या बेस पिरियडमधले पगार बघतं, म्हणजे शेवटच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार. आता ऑगस्टमध्ये अर्ज केलास तर गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून यंदाच्या मार्चपर्यंतचे. त्यातल्या सर्वांत जास्त कमाईच्या तिमाहीला 25 ने भागायचं, तो तुझा आठवड्याचा आकडा. समज, आठवड्याला 750 डॉलर पगार होता, तिमाहीचे झाले 9,750. भागिले 25, म्हणजे 390 डॉलर. एकूण रक्कम या आकड्याच्या 26 पट किंवा त्या चार तिमाहींच्या पगाराच्या 27 टक्के, यातलं जे कमी ते. या हिशेबात 10,140 डॉलर. वरची एक मर्यादा असते आणि ती दरवर्षी बदलते, पण 390 तिच्या बरंच खाली आहे. तू तुझ्या पे-स्टब्स, म्हणजे पगाराच्या पावत्या, घेऊन बस आणि हेच गणित मांड. बदलीत नवऱ्याला जे भत्ते मिळाले असतील त्यांचा याच्याशी संबंध नाही, ते त्याचे.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर धक्का बसायला नको. पहिल्या आठवड्याला वेटिंग वीक म्हणतात, त्याचे पैसे टेक्सास लगेच देत नाही, पुढे अटी पूर्ण झाल्यावर देतं. आणि हे पैसे करपात्र आहेत. टेक्सास आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे राज्याचा आयकर नाही, केंद्राचा आहे. अर्ज करतानाच 10 टक्के कापून घ्यायला सांगता येतं. मी तेच करायला सांगेन. एका पगाराच्या घरात एप्रिलमध्ये एकदम कर भरणं जड जातं.

आता तुझ्या मुलीबद्दल, कारण इथे बायका न कळत अडकतात. भत्ता चालू राहायचा तर तू कामाला समर्थ, मोकळी आणि कामाच्या शोधात असायला हवीस. दर पंधरवड्याला पैसे मागताना हे विचारतात. ‘मुलीला डे-केअर मिळेपर्यंत मी काम करू शकत नाही’ असं तुझं खरं उत्तर असेल, तर त्या आठवड्याचे पैसे मिळणार नाहीत. खोटं उत्तर द्यायचं नाही, म्हणून परिस्थितीच बदलायची. तळावरच्या बालसंगोपन केंद्रात जागेसाठी रांग असते, आजच नाव घाल. जागा मिळेना तर बाहेरच्या डे-केअरच्या खर्चाला हातभार लावणारी लष्कराची योजना आहे, तिची चौकशी त्याच वेळी कर. शेजारच्या त्या बाईशी बोल, नवऱ्याच्या सुट्टीच्या वेळा बघ, उद्या मुलाखतीला बोलावलं तर मुलगी कुणाकडे राहील हे नावानिशी ठरव. ते ठरलेलं असेल तर ‘मी मोकळी आहे’ हे वाक्य खरं होतं.

तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस की गणपतीत मोदकांच्या आणि पुरणपोळीच्या ऑर्डर्स घेण्याचा विचार आहे. जरूर घे. फक्त त्यातली कमाई ज्या आठवड्यात काम केलंस त्या आठवड्यात दाखव, पैसे हातात कधी आले ते बघायचं नाही. टेक्सासमध्ये आठवड्याच्या भत्त्याच्या 25 टक्क्यांपर्यंतची कमाई चालते, म्हणजे 390 वर साधारण 97 डॉलर, त्यावरचं वजा होतं. तीस मोदकांची कमाई लपवून ठेवली आणि पुढे सापडली, तर घेतलेले पैसे परत, वर किमान 15 टक्के दंड. आणि सासूबाईंना जी भीती वाटते ती खरी होऊ शकते ती याच वाटेने.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या देशात कागद बिघडू नयेत ही काळजी आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यांना दोन गोष्टी सांग. सरकारी आधारावर राहण्याची चौकशी ही देशात प्रवेश देताना आणि ग्रीन कार्ड देताना करतात. तुझ्याकडे ते आहे, नागरिकत्वाच्या अर्जात तो निकष लागत नाही. नागरिकत्वासाठी चारित्र्य बघतात, म्हणून खोटेपणा नको, बस. दुसरं म्हणजे हे फुकटचं नाही. अडीच वर्षं तुझ्या प्रत्येक पगारामागे दवाखान्याने या विम्याचा कर भरलाय. तुझ्या पे-स्टबवर ती कपात दिसत नाही, कारण टेक्सासमध्ये ती मालकाने भरायची असते. पण तू खुर्चीत बसून काम केलंस म्हणून ती भरली गेली. शेतावर राबणाऱ्याच्या वाट्याचं धान्य त्याच्या घरी पोचलं तर त्याला कुणी दान म्हणत नाही. सासूबाईंना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

नवऱ्याच्या वरिष्ठांची परवानगी लागत नाही आणि त्याच्या नोंदीवर याचा काही परिणाम होत नाही. क्लेम तुझ्या नावावर, तुझ्या पगारावर आहे. लष्कराला हा प्रश्न नवा नाही. त्यांच्याच 2021 च्या पाहणीत सक्रिय सैनिकांच्या नोकरी शोधणाऱ्या जोडीदारांमध्ये बेकारीचं प्रमाण 21 टक्के निघालं होतं. इतक्या बायका कमी शिकलेल्या किंवा आळशी नाहीत गं. दर तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्या बाईचा अर्ज बघितला की मालक विचार करतो, ही किती दिवस टिकणार.

म्हणून भत्त्याचे आठवडे मोजत बसण्यापेक्षा ते वापर. तुझं काम बिलिंगचं, ते लांबूनही करता येतं, तेव्हा पुढची नोकरी शोधताना पुढच्या बदलीतही बरोबर नेता येईल अशी शोध. मिलिटरी वनसोर्स या संरक्षण खात्याच्या सैनिक-कुटुंबांसाठीच्या सेवेकडे नोकरीसाठीचं मार्गदर्शन फुकट मिळतं. त्यांच्याच मायकॅ योजनेत ठरावीक हुद्द्यांच्या सैनिकांच्या जोडीदारांना प्रमाणपत्र किंवा परवान्याच्या शिक्षणासाठी 4,000 डॉलरपर्यंत मदत आहे. मेडिकल कोडिंगचं, म्हणजे बिलासाठी आजार-उपचारांना संकेतांक देण्याचं, प्रमाणपत्र त्यातून होतंय का विचार. नर्स किंवा शिक्षिका असलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की बदलीमुळे नव्या राज्यात परवाना घ्यायचा खर्च 1,000 डॉलरपर्यंत परत मिळतो, पावत्या टाकू नका. आणि ज्यांची बदली जर्मनी-जपानला आहे त्यांनी निघण्याआधीच आपल्या राज्याला विचारावं, कारण परदेशी तळावरून भत्ता मागण्याची वाट बहुतेक बंद असते.

समज, पहिलं उत्तर नकाराचं आलं. येऊ शकतं. राजीनामा वाचून कुणीतरी ‘आपणहून सोडली’ असा शिक्का मारेल. तेव्हा रडत बसू नकोस आणि मॅनेजरला फोनही करू नकोस. लेखी अपील कर. सुनावणी फोनवर होते, वकील लागतोच असं नाही. ऑर्डर्स, तारखा आणि तो ईमेल आधी पाठवून ठेव, अधिकारी विचारेल तेवढंच सांग. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा मागता येतो, त्यात कमीपणा नाही. अपील चालू असताना पंधरवड्याचे पैसे मागणं आणि काम शोधल्याची नोंद ठेवणं थांबवायचं नाही. जिंकलीस तर ज्या आठवड्यांचे मागितलेस त्यांचेच मिळतात.

आणि पत्ता. तुझी टपाल अजून किलीनच्या घरी जात असेल. अर्जात टॅकोमाचा पत्ता घाल, पोस्टात पत्ताबदल नोंदव, कमिशनच्या ऑनलाइन खात्यातही दोन दिवसांनी डोकावत जा. निर्णयाचं पत्र आलं की आधी त्यावरची तारीख बघ. अपिलाचे 14 दिवस त्या तारखेपासून मोजतात, तुझ्या हातात पत्र पडल्यापासून नाही.